वेदीवर ठेवलेली गिटार

गिटार मी कापूस वेचून घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा जो जळफळाट झाला तो उगाच नव्हता हे ध्यानात राहील.

कॉलेज संपल्यावर दोन हंगाम मी केळापूरच्या शिवारात बायकांच्या रांगेत वेचणीला गेले. कमरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत पुढे सरकायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पहिल्या महिन्यात बोटं रक्ताळतात, दुसऱ्या महिन्यात कातडी जाड होते आणि मग काही कळेनासं होतं. नागपूरच्या दुकानदाराने लाल इलेक्ट्रिक गिटार माझ्या हातात देताना म्हटलं, "ताई, सुरुवातीला तारांनी बोटं दुखतील हं." मी त्याच्यापुढे पंजा पसरला. त्याने तो पाहिला आणि गिटार खोक्यात भरायला लागला.

आमचा बँड चौघांचा. गिटार आणि गळा माझा. बेस गिटार दादाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि शनिवारच्या एसटीने घरी यायचा. गाणी तोच लिहायचा. बोलायचा मात्र इतकं कमी, की माझी आई म्हणायची, ह्याच्या वाटणीचंही हीच बोलते. कीबोर्डवर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची मुलगी. ती गोड बोलणारी, गोड हसणारी, पण सूर चुकला की डोळे असे वटारायची की वायंडिंगवाल्याच्या हातातली काडी खाली पडायची.

वायंडिंगवाला म्हणजे आमचा ड्रमर. पांढरकवड्यात त्याच्या वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की जुनी तार काढून नवी भरून द्यायची, हा त्यांच्या घरचा धंदा. तो मुसलमान. येशूची गाणी वाजवतोस, घरी काय म्हणतात, असं कोणी खोचकपणे विचारलं की तो म्हणायचा, "गाणं त्यायचं, ठेका माझा. अम्मीले माहीत आहे." आमच्या ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर 'सलाम' म्हणायची जुनी पद्धत आहे. तालमीला आला की मी त्याला सलाम करायची, तो हसून "वालेकुम" म्हणायचा आणि बाह्या वर सारायचा.

तालीम कुठे, तर जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. त्या वर्षांत कापसाची पार वाट लागली होती. भाव नाही, पीक नाही, जिथे गाड्यांच्या रांगा लागायच्या तिथे गवत उगवलेलं. बाबा त्या बंद जिनिंगात चौकीदार होते. रिकाम्या गोदामाला राखण तरी कशाची, म्हणून त्यांनी किल्ली आमच्या हवाली केली. पत्र्याखाली ड्रम वाजला की डोकं फुटायची वेळ यायची. मग आम्ही कोपऱ्यात पडलेली खराब रुई पोत्यांत भरली आणि चारी भिंतींना ती पोती टांगली. आवाज एकदम गोळीबंद झाला. लोडशेडिंगचं वेळापत्रक बाबांनी दारावर खडूने लिहून ठेवलं होतं, आणि आमची तालीम त्या खडूवर चालायची. लाइट गेली की चहा, आली की गाणं.

चर्चमध्ये पेटी-तबल्यावर संथ चालीची गाणी व्हायची. मला ती आवडायची, अजूनही आवडतात. पण आमच्या वयाला जे वाटायचं ते त्या चालीत मावत नव्हतं. दादाने एक गाणं लिहिलं होतं: 'बादली रिकामी माझी, दोर तुझ्या हाती.' त्याला धाडधाड ड्रम लागायचे, आणि गिटार तर अशी करकरायची की विहिरीवरचा रहाट झक मारेल. नाताळाच्या कार्यक्रमांत, तरुणांच्या मेळाव्यात लोक ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. बँड म्हटलं की काहींना वरातीतला वाटायचा. एका पाटलाने तर लग्नाची सुपारी द्यायला माणूस पाठवला होता. तरी नाव होत होतं हळूहळू.

आणि आम्हाला एक कॅसेट काढायची होती. आपल्या गाण्यांची, आपल्या आवाजातली. नागपूरच्या एका छोट्या स्टुडिओवाल्याने नाताळाच्या आठवडाभर आधीचा एक दिवस आम्हाला दिला होता. एकच दिवस. पुढे ढकलायची सोय नव्हती, कारण नाताळ झाला की पाळकसाहेबांची बदली ठरलेली. आमच्यात पाळकाची बदली म्हणजे सगळं घर उचलून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि त्या घरासोबत आमची कीबोर्डवालीही जाणार. त्या डिसेंबरात कॅसेट झाली नाही तर कधीच होणार नव्हती. मी हे उठता-बसता सगळ्यांना ऐकवायचे. आणि घाण केली ती मीच.

नोव्हेंबरात आमच्याकडे हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं आणून वेदीपाशी ठेवायचं. उपासना संपली की अंगणात टेबल मांडून त्या सगळ्याचा लिलाव करायचा, त्याचे पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कामाला. पण आमच्या मंडळीची एक खास रीत होती. ज्याने बोलीत भोपळा घेतला, तो पैसे देतो आणि भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो. लगेच "परत ठेवला!" अशी आरोळी, आणि त्याच भोपळ्यावर नवी बोली. एक कोंबडी पाच वेळा विकली गेलेली मी स्वतः पाहिली आहे. बिचारी दमून टेबलावरच बसली. कोणी पोटापाण्याची वस्तू ठेवली तर ती हमखास मालकाकडे परत जायची. एका वर्षी एका बाईने शिलाई मशीन ठेवलं होतं. चौघांनी मिळून ते घेतलं आणि संध्याकाळी तिच्याच घरी पोचवून दिलं.

त्या वर्षी कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला होता. उभी झाडं लाल होऊन वाळली. वेदीपुढे दोन भोपळे, थोडं सोयाबीन, एक कोंबडी, वाळकाची टोपली आणि कापसाचा एवढासा ढीग, पाटीभरसुद्धा नाही. दरवर्षी ढिगामागे वेदी दिसायची नाही. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. सूचना सांगायला गुरुजी उठले. हे निवृत्त मास्तर, मंडळीचे वडील म्हणजे कारभार पाहणारे पंच, आणि लिलावही तेच पुकारायचे. मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नाही.

"म्हातारेकोतारे काही ना काही घेऊन आले," ते म्हणाले. "आपले तरणे पोट्टे काय घेऊन आले? नुसतं ढुमढुम?"

सगळे हसले. दुःखात माणसाला हसायला निमित्त हवं असतं, हे आता कळतं. तेव्हा माझं टाळकं सटकलं. त्या दिवशी आमचं एक गाणं असल्यामुळे गिटार मागच्या भिंतीला टेकवलेलीच होती. मी उठले, ती घेतली, मधल्या वाटेने ताडताड चालत गेले आणि भोपळ्याशेजारी ठेवली.

"हे घ्या आमचं पीक," मी म्हटलं.

गुरुजींचा चेहरा पडला. आणि मला, खोटं कशाला बोलू, भारी बरं वाटलं. कारण माझ्या मनात सगळं पक्कं होतं. बाबा नाहीतर गुरुजीच ती घेणार, परत ठेवणार, आणि प्रीतिभोजनाच्या भाताआधी गिटार माझ्या खांद्यावर येणार. देवाला द्यायचं सोंग करून मी गुरुजींना टोला मारला होता. हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

लिलावात गुरुजींनी गिटार शेवटी ठेवली. बाबांनी पहिली बोली दिली. गुरुजींनी स्वतःच वाढवली, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे झालं-गेलं विसर असं. तेवढ्यात मागून एक नवा आवाज आला. बघते तर कोणी पाहुणे. साठीचे, काळेसावळे, डोक्याला रुमाल. नातेवाइकांकडे आले होते म्हणे, फुलसावंगीकडचे. बाबांनी पुन्हा वाढवली, त्यांनीही वाढवली. लोकांना मजा वाटायला लागली, चला, ह्या कोरड्या वर्षात कोणीतरी हात सैल सोडतंय. बाबा थांबले. गुरुजींनी तीनदा पुकारून टेबलावर हात आपटला.

पाहुण्यांनी पैसे दिले. गिटार उचलली. आता परत ठेवतील म्हणून गुरुजी तोंड उघडून उभे. पाहुण्यांनी पाळकसाहेबांना हात जोडले, गिटार रुमालात गुंडाळली आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. गाडीवाला घाईत होता. प्रीतिभोजनालाही थांबले नाहीत. जीप वळली, धूळ उडाली, आणि गुरुजींचं तोंड तसंच उघडं.

"आता गं माय," कोणीतरी म्हणालं. "त्यायले सांगतलंच नाई कोणी!"

सांगणार कोण? आम्हाला ती रीत इतकी अंगवळणी पडलेली, की बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. गुरुजी माझ्यापाशी आले, म्हणाले, "चुकलं माय माझं." पाळकसाहेब म्हणाले, "बेटा, वेदीवर ठेवलेलं मला तर मागता येणार नाही." कीबोर्डवाली नुसती माझा हात धरून बसली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. दादाने ताट बाजूला सारलं.

"तू ठेवली," तो म्हणाला. "तूच आण."

पाहुण्यांचा पत्ता मिळाला. दादाला सुटी नव्हती, म्हणून वायंडिंगवाला माझ्यासोबत निघाला. लोक काय म्हणतील म्हणून आईने तोंड वाकडं केलं, बाबा म्हणाले, "म्हणू दे. जा." पांढरकवडा ते यवतमाळ, तिथून आर्णी, महागाव, मग फुलसावंगी. सगळी वाट मी काय बोलायचं ते घोकत होते. काका, आमच्याकडं अशी अशी रीत आहे. काका, आम्ही तुमचे पैसे फेडू. काका, ही गिटार नसेल तर आमची कॅसेट बुडाली.

"रडायचं नाई," वायंडिंगवाला म्हणाला. "सरळ मागायचं."

"मी कायले रडू?" मी म्हटलं.

काकांचं घर गावाच्या कडेला होतं. वनखात्यात गार्ड होते, निवृत्त होऊन आता दोन एकर करायचे. आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझं घोकलेलं अर्धं तिथेच गळालं. "सलाम, सलाम! तुमीच ना ती बाई? वेदीवर ठेवणारी?" ओसरीत सतरंजी अंथरली. खुंटीवर माझी लाल गिटार धुतलेल्या धोतरात गुंडाळून टांगलेली.

"आमी इथं पाच घरं," काका सांगायला लागले. "रविवारी ह्याच ओसरीत बसतो. वाजवाले एक खंजिरी, तिचंही चामडं फाटलं. सतरंजी घ्याले पैसे जमवले होते. तुमच्याकडं आलो, म्हटलं एखादा भोपळा घ्यावा, तेवढंच पुण्य. अन् पाहतो तर वेदीवर वाद्य! मी म्हटलं, हे तर देवानं आपल्यासाठीच ठेवलं. नवी सतरंजी गेली चुलीत." आणि खळखळून हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, "पण बाई, ती वाजतच नाई वो. मुंगीसारखी बोलते. मी बिघडवली का काय?"

इलेक्ट्रिक गिटार ती, आवाज वाढवायचं मशीन नसताना काय वाजणार. मी वायंडिंगवाल्याकडे पाहिलं, तू बोल म्हणून. तो उठला. मला वाटलं, आता बोलतो. त्याने कोपऱ्यातला काकांचा जुना टेपरेकॉर्डर ओढला, पिशवीतून पेचकस काढला, आत एक वायर जोडून दिली, आणि गिटार त्यातून खणखणीत वाजायला लागली. काकांची बायको चुलीपासून धावत आली. मला त्या पोराचा गळा दाबावासा वाटला.

आणि मी काय केलं? मी दोन तास बसून काकांना तीन कॉर्ड शिकवल्या. दात-ओठ खात शिकवल्या. "असं नाई काका, हे बोट इथं!" म्हणून खेकसले, मग आमचं बादलीचं गाणं कसं वाजवायचं तेही दाखवलं. काकूंनी ठेचा-भाकर वाढली, ती खाल्ली. काका बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. गाडी लागेपर्यंत उभे राहिले, दोनदा विचारलं, "बाई, अजून काही बोलायचं होतं काय?"

"नाई काका," मी दोन्ही वेळा म्हटलं.

महागाव येईपर्यंत मी रागाने रडले. "काहून नाई मागितली?" वायंडिंगवाला म्हणाला.

"तू मागायची होतीस!"

"मी कसा मागू? मी तर तुमच्या मंडळीतला बी नाई. देवाची लेनदेन तुमची."

"मग टेप कायले जोडून दिला, शहाण्या?"

आर्णीच्या पुढे तो एकदम वळून म्हणाला, "दीदी, त्या गिटारीत तारांखाली जे काळं खोकं राहते ना, मी एकदा खोलून पाह्यलतं. आत काय आहे माहीत? लोहचुंबक, अन् त्याच्याभोवती तार गुंडाळेल. बस्स. हे तर आमच्या घरचं काम आहे!"

मी डोळे पुसले. चर्चच्या कपाटात एक साधी गिटार पडून होती, पोट तडकलेली. तिला फेविकॉल लावून आम्ही शिकंज्यात आवळली. माझ्याकडे तारांचा एक नवा संच शिल्लक होता, तो चढवला. खोक्यासाठी फुटक्या स्पीकरचं चुंबक फोडून घेतलं. अडलं ते तारेपाशी. मोटरीची तार जाड, आणि इथे केसाएवढी बारीक हवी. मग त्याने भंगारातल्या जुन्या टेलिफोनच्या घंट्या आणल्या आणि त्यांतली तार सोडवायला बसला. रमजान चालू होता. दुकानात जळालेल्या मोटरींची रांग, पोटात सकाळपासून पाणी नाही, आणि हा हातमशीनवर केसाएवढी तार गुंडाळतोय. हजारो वेढे. दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "लोकांचे पंप पडून आहेत अन् तू येशूची मोटर भरतोस काय रे?" पण तिसऱ्या वेळी तेच शेजारी बसून तार हातात धरून होते.

स्टुडिओतल्या माणसाने ते ध्यान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. लाकडी गिटार, पोटाला पट्टी, मध्ये साबणाच्या डबीचं झाकण लावलेलं खोकं. जोडून पाहिली. आवाज आला, आणि चांगला आला, जरा खरखरीत, आमच्या गाण्याला शोभेल असा. पण त्याच्या आधी आला एक घूं. लांबलचक, मधमाश्यांच्या पोळ्यातून यावा तसा.

"ये भुंगा कहां से आ रहा है?" तो माणूस.

वायंडिंगवाला कोरड्या ओठांनी वायरी तपासत बसला. चहाच्या पुड्याची चांदी गुंडाळून पाहिली, घूं कमी झाला पण गेला नाही. वेळ चालला होता, एकच दिवस आमच्याकडे. तेवढ्यात मी वैतागून तारांवर हात ठेवला आणि घूं बंद. उचलला, पुन्हा घूं.

"अर्थिंग नीट नाई मिळाली तिले," तो म्हणाला. "माणसाचा हात लागला की गप बसते. वाजवून घे तशीच."

पण सवय कुठे होती मला. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला मी हात वर धरून दादाच्या इशाऱ्याची वाट पाहायची, आणि काचेमागच्या ड्रमवरून वायंडिंगवाला बोंबलायचा, "दीदी, हात ठेव ना तारेवर!" मी दचकून हात टाकायची आणि तिथेच गाणं सुरू व्हायचं. पुन्हा करायला वेळ नव्हता. आठ गाणी झाली, आठांच्याही आधी घूं. कीबोर्डवालीने शेवटचा सूर सोडला तेव्हा मगरिबची, रोजा सोडायची वेळ झाली होती. वायंडिंगवाल्याने एका खजुराचे चार तुकडे केले.

कॅसेट झाली. ती पहिली खेप घेऊन मी पाळकसाहेबांकडे गेले, त्यांच्या सामानाच्या ट्रकात एक कॅसेट कीबोर्डवालीच्या मांडीवर ठेवली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. पुढे सहा वर्षं आम्ही वाजवलं. कधी बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर, कधी बॅटरीवर, कधी बॅटरीही उतरली तर नुसतं तोंडाने. कीबोर्डवर तीन जणं आली आणि गेली. मग दादा लग्न करून पुण्याला गेला, वायंडिंगवाल्याच्या खांद्यावर दुकान आलं, मी एसटीत कंडक्टर लागले. भांडण नाही, तंटा नाही, एका वर्षी नाताळाला कोणाचं जमलं नाही आणि मग जमलंच नाही. घूं मात्र वायंडिंगवाल्याच्या मनातून गेला नाही. कधी भेटला की म्हणायचा, "एवढी मेहनत केली अन् कॅसेट खराब केली मी." मी म्हणायची, गप रे. तो गप बसायचा, पण ऐकायचा नाही.

पुढे माझी बदली पुसदला झाली आणि एका रविवारी फुलसावंगीची ड्यूटी लागली. सकाळची वेळ, गाडीला अर्धा तास हॉल्ट. ड्रायव्हर चहाला गेला. मी पाय मोकळे करायला निघाले, पावलं आपोआप गावाच्या कडेकडे वळली. काकांच्या ओसरीची आता पत्र्याची खोली झाली होती. आत माणसं बसलेली. आणि मी दाराशी पोचते तोच सगळ्यांनी मिळून तोंड मिटून आवाज काढला.

घूंऽऽऽ.

बाया, म्हातारे, सगळे. लांबलचक. मग गिटारीवर हात पडला, घूं कापल्यासारखा थांबला आणि गाणं सुरू झालं. बादली रिकामी माझी, दोर तुझ्या हाती. वाजत होती माझी लाल गिटार. स्वच्छ, तिच्यात भुंगा नाही की काही नाही. मी खांद्यावर तिकिटाची बॅग घेऊन दारात उभी, आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

उपासना संपली तशी गिटार वाजवणारी बाई बाहेर आली. काकांची सून. काका दोन वर्षांपूर्वी गेले, ती म्हणाली. मी विचारलं, "गाण्याआधी ते घूं काय करता वं?"

"तसंच आहे ते गाणं," ती म्हणाली. "नातेवाइकांनी आणून दिलेल्या कॅसेटीत तसंच आहे. मामंजींनी शिकवलं. घूं केल्याबिगर गाणं लागत नाई म्हणत." मग माझ्याकडे नीट पाहून तिने विचारलं, "तुमी पांढरकवड्याच्या काय? गिटारवाल्या?"

मी मान हलवली.

"मामंजी लय सांगत तुमचं. नंतर त्यायले नातेवाइकांकडून कळली तुमच्याकडची रीत. म्हणत, ती बाई मागाले आली होती. तिच्या तोंडावरच दिसत होतं. मी दोनदा विचारलं तिले. मागितली असती तर तिथंच देऊन टाकणार होतो. पण तिनं मागितली नाई, शिकवली." तिने गिटार गळ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली. "न्या आता. परत ठेवायची रीत आहे ना तुमची?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि वायंडिंगवाल्याला लावला. तो दुकानातच होता. "काही बोलू नको," म्हटलं, "नुसता ऐक." मोबाइलचा स्पीकर चालू करून खिडकीत ठेवला आणि त्या लोकांना म्हटलं, एकदा पुन्हा म्हणा. गिटार नेणार नव्हतेच मी. पण एकदा गळ्यात घातली. वेचणीची जाड कातडी केव्हाच गेली होती, तिकिटं फाडून फाडून बोटं वेगळ्याच ठिकाणी राठ झालेली.

सगळ्यांनी तोंड मिटलं. घूंऽऽऽ. पार मागच्या म्हातारीपर्यंत सगळे माझ्या हाताकडे बघत होते, तो पडल्याशिवाय थांबायचं नाही म्हणून. माझा हात वरच राहिला. तिकडे स्टॉपवर ड्रायव्हरने हॉर्न दिला. घूं चालूच. मोबाइलमधून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग वायंडिंगवाला ओरडला.

"दीदी, हात ठेव ना तारेवर!"

मी ठेवला.